खाऱ्या हवेतील विद्युत् उपकरणे : खरेदी आणि निगा

संगणक, दूरदर्शन संच, राऊटर, मोबाईल इत्यादी जिनसांची निवड कशी करावी याविषयी जे मार्गदर्शन हल्ली छापून येते, त्याचा बहुतेक सर्व भर प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम किती आणि पडदा किती इंचांचा या तपशिलावर असतो. आणि ज्याच्या घराच्या खिडक्या बारमास बंद असतात, ज्याच्या भिंतीतली अर्थिंगची तार खरोखरच जमिनीपर्यंत पोचलेली असते व ज्याच्याकडे दिवे क्वचितच जातात, अशा गिऱ्हाइकाला तेवढे पुरतेही. परंतु दापोली तालुक्यातील केळशीसारख्या गावी, जेथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला भारजा नदीची खाडी आणि मध्ये माडापोफळींच्या वाड्या अशी रचना असून कौलांच्या फटींतून वारा मन मानेल तसा ये-जा करतो, तेथे हा सारा तपशील गौण ठरतो. येथे उपकरणाचे आयुष्य त्याच्या वेगावर नव्हे, तर हवेतील मीठ, हवेतील ओल आणि तारांवाटे येणारी वीज या तिहींवर ठरते. आणि केवळ हौसेखातर गावातील व आडे-आंजर्ल्याकडील पुष्कळ नादुरुस्त यंत्रे उघडून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, या तिहींपैकी ओलीचा बंदोबस्त सर्वांत स्वस्त असूनही नेमके त्याच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

मिठाने यंत्रे गंजतात असे आपण सरसकट म्हणतो, परंतु कोरडे मीठ सर्किटावर वर्षानुवर्षे पडून राहिले तरी त्यापासून फारसा अपाय होत नाही. अपाय होतो तो ते मीठ हवेतील पाणी शोषून स्वतः त्यात विरघळते तेव्हा. शुद्ध मिठाला, म्हणजे सोडियम क्लोराइडला, याकरिता हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के असावी लागते. पण समुद्राच्या तुषारांतून येणारे मीठ शुद्ध नसते, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही पाझरू लागते. सबब समुद्रकाठच्या पंचक्रोशीत सर्किटावर एकदा बसलेला क्षार कोरड्या ऋतूतही पुरता सुकत नाही आणि मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत तर तो ओलाच असतो. अशा खाऱ्या ओलीच्या अदृश्य थरावरून, दोन शेजारच्या तांब्याच्या रेषांमध्ये विद्युत् दाबाचा जेवढा फरक असेल तेवढ्याच्या जोरावर, धातूचे कण एकीकडून दुसरीकडे सरकू लागतात, हळूहळू त्यांचे तंतू तयार होतात आणि एके दिवशी दोन रेषा जोडल्या जाऊन यंत्र बंद पडते. दुरुस्तीवाला 'बोर्ड गेला' एवढेच सांगतो, आणि त्याचे म्हणणे खोटे नसते.

हे कारण ध्यानात आले, म्हणजे आपल्याकडील एक सार्वत्रिक वहिवाट किती उफराटी आहे तेही ध्यानात येते. मौल्यवान वस्तू झाकून ठेवावी, निकडीपुरती वापरावी आणि पुन्हा झाकावी, असा आपला शिरस्ता. त्यानुसार संगणकावर भरतकामाचा अभ्रा आणि दूरदर्शन संचावर प्लास्टिकचा पडदा चढतो. अभ्र्याने धूळ अडते, हे मान्य. पण ओल अडत नाही, आणि प्लास्टिकच्या पडद्याखाली तर शिरलेली ओल बाहेर पडण्याचीही सोय राहत नाही. उलट जे यंत्र रोज काही तास चालते, ते आपल्याच उष्णतेने आपल्या पोटातील हवा कोरडी राखते. हिशेब करून पाहावा : श्रावणातल्या एखाद्या दिवशी घरात २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असे धरले, तर तीच हवा यंत्राच्या आत केवळ ५ अंशांनी तापताच तिची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांवर उतरते, म्हणजे मिठाच्या पाझरण्याच्या मर्यादेखाली येते. मॅग्नेशियमचा अंश तरीही ओलसर राहतो हे खरे, परंतु झीज पुष्कळच मंदावते. माझ्या पाहण्यात चोवीस तास चालू असणारे राऊटर कपाटात जपून ठेवलेल्या संगणकांपेक्षा अधिक टिकले आहेत, त्याचे इंगित हेच असावे. ठाण्याच्या कारखान्यात बनलेले मर्फी कंपनीचे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ कोकणातल्या कित्येक ओट्यांवर पिढीभर बोलत राहिले, त्याचे श्रेय आपण त्या काळच्या भरभक्कम बांधणीला देतो. ते द्यावेच, पण त्या व्हॉल्व्हांची ऊबही हिशेबात धरावी.

या उबेला एक उपद्रव मात्र चिकटलेला आहे, तो म्हणजे मुंग्या आणि पाली. पावसाळ्यात कोरडी आणि उबदार जागा शोधणाऱ्या मुंग्यांना सेट-टॉप बॉक्सचे पोट फार मानवते, आणि पालीला विजेच्या दोन टोकांमधील अंतराची कल्पना नसते. यंत्र भिंतीला टेकवू नये, त्याच्या झरोक्यांवर बारीक जाळी आतल्या बाजूने चिकटवावी, आणि आठवड्यातून एकदा ते उचलून खालची जागा पुसावी. याहून अधिक उपाय मला सापडलेला नाही.

मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची घरे हा या विषयातील सर्वांत बिकट भाग होय. गणपती, शिमगा, महालक्ष्मीचा चैत्रातील उत्सव आणि मे महिना एवढे सोडले तर ही घरे बंद असतात. निघताना मेन स्विच खाली केला जातो, तो योग्यच आहे, आणि मग चार पावसाळी महिने दूरदर्शन संच, संगणक आणि ध्वनिवर्धक त्या थंड, कोंदट माजघरात ओल पीत बसतात. अशा मालकांपुढे दोनच मार्ग आहेत : यंत्र उबदार ठेवणे, किंवा ते पूर्णपणे हवाबंद करणे. पहिला मार्ग घर बंद असताना शक्य नाही व सुरक्षितही नाही, सबब दुसरा पत्करावा. रबरी कडा असलेला आणि घट्ट बसणाऱ्या झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा आणावा, कोरड्या दिवशी दुपारी यंत्र तासभर चालवून ते गरम असतानाच बंद करावे, निवू द्यावे, आणि सिलिका जेलच्या पिशव्यांसह डब्यात घालावे. रंगाने स्थिती दाखवणारे सिलिका जेल घेतल्यास सोयीचे पडते. निळ्या जातीचे ओल शोषल्यावर गुलाबी होते, नारिंगी जातीचे हिरवट होते, आणि १२० अंशांच्या सुमारास भट्टीत तापवल्यावर दोन्ही पुन्हा कामाला येतात. रिमोट, घड्याळे, टॉर्च यांतील सेल न चुकता काढून ठेवावेत, कारण त्यांतून गळणारे रसायन त्या खोबणीतील स्प्रिंगा खाऊन टाकते. लॅपटॉप बंद घरात ठेवायचाच झाला तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली असावी. पुरती उतरलेली लिथियम बॅटरी महिनोन् महिने पडून राहिली, तर ती पुन्हा चार्ज घेण्यास नकार देते. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीची गोष्ट याच्या उलट : ती भरलेलीच ठेवावी लागते, आणि चार महिने चार्जिंगविना राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर चढून ती निकामी होते, म्हणून ती शेजारच्या राहत्या घरी सोपवण्याची तजवीज करावी.

आता खरेदीकडे वळू. येथल्या हवेत पंखा हा संगणकाचा मित्रही आहे आणि शत्रूही. तो उष्णता बाहेर टाकतो, पण त्या मोबदल्यात खारी हवा अव्याहतपणे आत ओढतो आणि तीबरोबर वाळूची बारीक धूळही. केळशीची वाळूची टेकडी, जिच्या थरांवरून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इसवी सन १५२४ च्या सुमाराच्या त्सुनामीचा तर्क मांडला, ती ज्या गावात आहे त्या गावात वारा काय काय वाहून आणतो हे निराळे सांगायला नको. म्हणून ज्यांचे काम लेखन, हिशेब, शाळेचा अभ्यास आणि चित्रफिती पाहणे एवढ्यापुरते आहे, त्यांनी पंखा नसलेले यंत्र पसंत करावे असे मी आग्रहाने सांगतो. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, पंखाविरहित छोटी डबी, किंवा ऐपत असल्यास ॲपलची २०२० च्या अखेरीपासूनची, पंखा काढून टाकलेली मॅकबुक एअर, ही याची उदाहरणे. ज्यांना चित्रसंपादनासाठी किंवा खेळांसाठी मोठा संगणक हवाच आहे, त्यांनी तो पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, शक्यतो आतल्या खोलीत ठेवावा. समुद्रापासून पहिल्या काहीशे मीटरांतच हवेतील क्षार झपाट्याने कमी होतो, आणि मधल्या वाडीची झाडे व घराच्या दोन भिंती तो आणखी घटवतात.

साठवणीसाठी जुन्या फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. सर्वसाधारण हार्डडिस्कला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी एक गाळणी लावलेले सूक्ष्म छिद्र असते, आणि बाहेरची दमट हवा त्यातून सावकाश आत पोचते. एसएसडीत हलणारा भाग नाही आणि असे छिद्रही नाही. मात्र एसएसडी म्हणजे दस्तऐवजांची कायमची पेटी नव्हे. ती विजेविना दीर्घ काळ पडून राहिली, विशेषतः पुष्कळ वापरून झिजलेली असेल, तर तिच्यातील विद्युत्भार पाझरून मजकूर नाहीसा होऊ शकतो. लग्नाची छायाचित्रे आणि सात-बाराच्या नकला बंद घरातील एकाच एसएसडीच्या हवाली करू नयेत. एक प्रत मुंबईस असावी.

खर्चाच्या वाटणीत एक गोष्ट हटकून चुकते. हजारो रुपये प्रोसेसरवर खर्चणारा गृहस्थ एसएमपीएस मात्र दुकानदार जो देईल तो मुकाट्याने घेतो. वास्तविक सगळ्या यंत्राला वीज वाटून देणारा कारभारी तोच, आणि त्याच्या पोटातील कपॅसिटर ८५ अंशांचे आहेत की १०५ अंशांचे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते; तापमान १० अंशांनी उतरले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा या धंद्यातील सर्वमान्य ठोकताळा आहे. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा आणि वाचलेली रक्कम एसएमपीएसमध्ये घालावी.

विजेचा प्रश्न मी मुद्दामच विस्ताराने मांडणार आहे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची, आणि १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी तीत वर-खाली सहा टक्क्यांचीच सूट ठेवली होती. म्हणजे २१६ ते २४४. खेड्याच्या टोकावर, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागल्यावर, हा दाब पुष्कळ खाली येतो, हे प्रत्येकाने मंद बल्बावरून पाहिलेले असते, आणि म्हणून लोक संगणकासाठी स्टॅबिलायझर विकत आणतात. हा खर्च बहुधा व्यर्थ जातो. हल्लीच्या बहुतेक ॲडॅप्टरवर व चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० असे आकडे छापलेले असतात. त्यांना कमी दाबाचे भय नाही. स्टॅबिलायझर फ्रीजला लागतो, कारण त्याच्या कॉम्प्रेसरला कमी दाबात सुरू होताना कष्ट पडतात. संगणकाला आणि दूरदर्शन संचाला भय आहे ते जास्त दाबाचे, आणि आपल्याकडे तो येतो बहुधा तुटलेल्या न्यूट्रलमुळे.

माडाची वाळलेली झावळ खांबावरच्या तारांवर कोसळली आणि न्यूट्रल तुटली किंवा डीपीपाशी ढिली पडली, म्हणजे तीन फेजांमधील ४०० व्होल्टचा दाब निरनिराळ्या घरांतील उपकरणांत विषम वाटला जातो : एका आळीत दिवे निखाऱ्यासारखे तांबडे होतात, तर दुसरीत ते लख्ख पांढरे पेटून जातात. समजा तुमच्या वाट्याला ३०० व्होल्ट आले, तर त्याचा शिखरदाब ४२४ होतो, आणि उपकरणांतील मोठा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचाच असतो, तो फुटतो. बाजारात स्पाइक गार्ड म्हणून जी पट्टी मिळते तिच्यातील व्हॅरिस्टर हा क्षणार्धाच्या, सेकंदाच्या अत्यल्प अंशाच्या झटक्यासाठी असतो. मिनिटभर टिकणाऱ्या जादा दाबापुढे तो स्वतःच जळतो. यावर खरा उपाय म्हणजे मीटरपेटीशेजारी बसवायचा, दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की संपूर्ण घराचा पुरवठा तोडणारा आणि तो पूर्ववत झाल्यावर थोडे थांबून पुन्हा जोडणारा रिले. त्याची वरची मर्यादा २६० ते २७० च्या दरम्यान ठेवावी, आणि तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा. महागातला महाग स्पाइक गार्ड आणि हा रिले यांत निवड करायची वेळ आली, तर मी निःशंकपणे रिले घेईन.

स्पाइक गार्ड निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे, परंतु अर्थिंगविना तो अर्धवटच काम करतो. संगणकाच्या लोखंडी पेटीला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागताच झिणझिण्या येतात, अशी कैफियत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. त्याचे कारण सोपे आहे : पुरवठ्यातील गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर पेटीला जोडलेले असतात, आणि तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसली की पेटीवर मुख्य दाबाच्या निम्मा, ११५ व्होल्टच्या सुमाराचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असतो म्हणून जीवावर बेतत नाही. तथापि ही झिणझिणी म्हणजे बहुधा घराचे अर्थिंग नाही याची खूण. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी ठरत नाही, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा चैत्र-वैशाखात ठणठणीत कोरडा पडतो, आणि विजा कडाडतात त्या नेमक्या त्यानंतर, रोहिणीच्या वळवात. म्हणून आगोटीची बेगमी करताना लाकूडफाटा, सुकी मासळी आणि कडधान्य यांबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार घागरी पाणी ओतण्याचेही एक काम यादीत घालावे. पुळणीलगतच्या वाळूत परिस्थिती उलट असते : तेथे खारी ओल असल्याने अर्थिंग उत्तम लागते, पण जस्ताचा मुलामा दिलेला नळ लवकर सडतो, तेथे तांब्याचा वापर करावा.

विजांचा गडगडाट दूरवर ऐकू येताच प्लग काढून ठेवावेत, केवळ बटण बंद करून भागत नाही. रोहिणी आणि हस्त ही दोन नक्षत्रे या बाबतीत विशेष सांभाळावीत. छपरावरील डिशच्या तारेचा विसर पडू नये. ती विजेच्या दृष्टीने आत येण्याची राजरोस वाट आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येत असे तेव्हा मोडेम जळण्याचे प्रकार वारंवार घडत. आता काचतंतू आला आहे, त्यातून विद्युत् झटका येत नाही, आणि ही एक सुधारणा केवळ वेगापेक्षाही मला अधिक मोलाची वाटते.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील माड-पोफळी आणि विजेचे खांब एकदमच आडवे केले, आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. मोबाईलचे मनोरेही विजेवाचून मुके झाले. तेव्हापासून एक छोटे सौर पटल, एक बॅटरी आणि सेलवर चालणारा साधा रेडिओ एवढी सामग्री घरात असावी असे माझे सांगणे असते. इन्व्हर्टर घेताना तो साइन वेव्ह जातीचा घ्यावा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखे घोंगावतात आणि संगणकांचे काही चांगले एसएमपीएस तर नीट चालतच नाहीत.

मोबाईलविषयी थोडक्यात. आयपी ६८ सारखे जे आकडे जाहिरातीत मिरवतात, ते प्रयोगशाळेतील गोड्या पाण्याचे आहेत. फोन समुद्रात पडलाच तर तो तत्काळ बंद करावा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, आणि वाऱ्याशी सुकवून दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. चार्जरला लावून 'चालतो का' हे पाहण्याची उतावीळ त्याला मारते. तांदळाच्या डब्यात खुपसण्याने काही साधत नाही, फक्त चार्जिंगच्या भोकात कोंडा शिरतो. हिरवट झालेल्या टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कुंचला पुरतो.

खरेदीची जागा मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की घरबसल्या मागवणे असो, ॲडॅप्टर व बॅटरी यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे याची खातरजमा करावी. २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ही नोंदणी सक्तीची झाली, आणि बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक घालून रुजुवात घेता येते. हमीपत्रातील बारीक अक्षरे वाचावीत. गंज आणि द्रवपदार्थ यांमुळे झालेली हानी बहुधा हमीतून वगळलेली असते, म्हणजे आपल्या हवेत जे घडण्याचा सर्वाधिक संभव तेच. कंपनीचे दुरुस्ती केंद्र चिपळूण वा रत्नागिरीस आहे की थेट मुंबईस, हेही आधी विचारावे.

राहिला जुन्या लॅपटॉपचा प्रश्न. शाळा-कॉलेजातील मुलासाठी, मोठ्या कार्यालयांतून निघालेला व्यावसायिक श्रेणीचा वापरलेला लॅपटॉप त्याच किमतीच्या नव्या, हलक्या बांधणीच्या लॅपटॉपपेक्षा मला पसंत आहे. वातानुकूलित जागेत वाढलेले यंत्र आतून स्वच्छ असते, आणि त्याचे सुटे भागही मिळतात. मात्र पैसे मोजण्यापूर्वी खालचे झाकण उघडून पाहावे : स्क्रूंवर तांबूस डाग आहेत काय, रॅमच्या सोनेरी दातांवर पांढरट वा हिरवट ठिपके आहेत काय, पंख्याच्या पात्यांवर चिकट थर आहे काय, बॅटरी फुगून झाकणाला टेकलेली आहे काय. विक्रेता झाकण उघडू देण्यास राजी नसेल, तर किंमत कितीही वाजवी असली तरी तो सौदा तेथेच सोडून परतीची एसटी धरावी.